निळ्या दोऱ्याचा कोपरा

फोल्कमारचं पुस्तक टपालाने घरी आलं, तेव्हा आईने ते उघडायच्या आधी नाकाशी धरलं. नव्या शाईचा आणि डिंकाचा वास. मग तिने ओले हात पुन्हा एकदा एप्रनला पुसले, पहिलं पान उघडलं आणि मोठ्याने वाचलं, "या कादंबरीतली सगळी माणसं आणि गावं कल्पनेतली आहेत."

"झालं," ती म्हणाली. "आता अख्खं गाव स्वतःला शोधत बसणार."

आणि हसली. तिने ते पुस्तक फळीवर बाबांच्या फोटोशेजारी उभं केलं. गणवेशातला तो फोटो रशियाच्या आघाडीवरून ते शेवटचे सुट्टीवर आले तेव्हाचा. पुस्तक तिने वाचलं नाही. "माझे डोळे आता बटाट्यांपुरतेच उरलेत," म्हणाली. "चांगलं असेल तर तू सांग. वाईट असेल तर सांगू नकोस."

लढाई संपून अकरा वर्षं झाली होती. मी चोवीस वर्षांची होते, गावच्या डेअरीत हिशेबाच्या टेबलावर काम करत होते. माझा भाऊ माझ्याहून दोन वर्षांनी मोठा, श्टुटगार्टला शाळेत शिकवायचा आणि लिहायचा. आमच्या गावातून आजवर कोणी पुस्तक लिहिलं नव्हतं. लोहार म्हणायचा, लिहायला काय लागतं, वेळ लागतो.

मी ते पुस्तक धुण्याच्या खोलीत बसून वाचलं. शनिवारची दुपार होती, दगडी चुलीवरची मोठी कढई गार पडली होती आणि खोलीला साबणाचा, राखेच्या पाण्याचा तो वास होता जो मला आजही कुठे आला तर मी थांबते. पहिली शंभरेक पानं मी हसत होते. गाव त्याने उत्तरेला समुद्रकाठी नेऊन ठेवलं होतं. आमच्या ओढ्याची खाडी केली होती. आईची केली होती मावशी, लग्न न झालेली, नाव ब्रिगिटं. पण वाकड्या शिंगाची बकरी आमचीच होती, आणि खडू फेकून मारणारे मास्तरही आमचेच. मग एक प्रकरण सुरू झालं. त्यात ब्रिगिटं मावशी कपाट उघडते, पांढरी चादर काढते, गुंडाळून एप्रनखाली धरते आणि चर्चच्या मनोऱ्याकडे चालू लागते. मी वाचायचं थांबले. दाराला आतून कडी घातली. मग पुढे वाचलं.

ते सगळं खरं होतं.

पंचेचाळीसचा एप्रिल. अमेरिकन ओढ्यापलीकडे आले होते. पलीकडच्या खेड्याने पांढरं निशाण लावलं नाही, म्हणून त्यावर तोफा चालल्या आणि ते संध्याकाळपर्यंत जळत राहिलं. आमच्याकडेही पांढरं लावायची कोणाची छाती होत नव्हती, कारण लावणाऱ्याला आपलेच, हिटलरचे एसएसवाले सैनिक फाशी देत होते. आई सकाळी उठली, कपाटातून चादर काढली, मला म्हणाली, "कोणी विचारलं तर मी बकऱ्यांकडे गेलेय." तासाभराने मनोऱ्यावर पांढरं फडकत होतं. दुपारच्या आत एसएसची गाडी आली. त्यांना कोणीतरी फोन केला होता. गावात तेव्हा एकच फोन होता, डेअरीत.

मनोऱ्याची चावी लेओनहार्ट रॉइसकडे असायची. तो घंटा वाजवायचा, चर्च झाडायचा, हिवाळ्यात शेगडी पेटवायचा. त्यांनी त्याला घरातून काढलं आणि डेअरीसमोरच्या लिंडनच्या झाडाला लटकवलं. दोनच दिवसांनी अमेरिकन आले, एकही गोळी न झाडता, आणि पोरांना चॉकलेट वाटत निघून गेले.

आमच्या घरात काय झालं ते मी आणि फोल्कमार जाणत होतो. लेओनहार्टला रस्त्यावरून नेत होते तेव्हा आई दाराशी गेली. तिने कडीला हात लावला. मग मागे वळून आम्हा दोघांकडे पाहिलं. तो हात कितीतरी वेळ कडीवर होता. ती कडी तिने उघडली नाही. त्यानंतर त्या दिवसाबद्दल आमच्या घरात एक शब्दही निघाला नव्हता, ना तिच्याकडून, ना आमच्याकडून.

आणि आता तो हात, ती कडी छापून आली होती.

पण मी घाबरले ते याने नाही. फोल्कमारने लेओनहार्टचा नावाडी केला होता, मनोऱ्याचा दीपस्तंभ केला होता, तिथवर ठीक होतं. खालच्या ओळीत त्याने लिहिलं होतं: 'चादरीच्या कोपऱ्यात निळ्या दोऱ्याने भरलेली अक्षरं होती आणि भोवती रानफुलांचं कडं.'

आमच्याकडे मुलगी लग्न होऊन येते ती चादरी घेऊन येते, आणि प्रत्येक चादरीच्या कोपऱ्यात तिची अक्षरं असतात. आमच्या भागात ती लाल दोऱ्याने काढतात. सगळ्या घरांतून लालच. आई परमुलखातली, दूर पूर्वेकडे सिलेशियात तिचं माहेर. तिकडच्या विणकरांत निळ्याची चाल. लग्न होऊन आली तेव्हा बायका तिच्या चादरी बघायला आल्या आणि म्हणाल्या, हे काय, सुतकाचा रंग? कोणी मेलंय की काय? वर्षातून दोन-तीनदा मोठी धुणी निघायची, सगळ्या गावाच्या चादरी ओढ्याकाठच्या कुरणावर उन्हात पसरायच्या. पाच वर्षांची पोरगीही कोपरा बघून सांगायची, ही लोहाराची, ही पास्टरांची. आणि निळा कोपरा फक्त आमचा.

पुरुषांना यातलं काही ठाऊक नसतं. ते त्या चादरींवर झोपतात फक्त. माझ्या भावाला वाटलं असेल, दोऱ्याचा रंग म्हणजे एक छानसा तपशील.

लेओनहार्टची बायको आपोलोनिया, आम्ही तिला मावशीच म्हणायचो, आमच्या समोरच्या घरात राहायची. दोघी विधवा. मोठी चादर पिळायला दोन माणसं लागतात, एकीने हे टोक धरायचं, दुसरीने ते, आणि उलट्या दिशांनी पीळ द्यायचा. अकरा वर्षं त्या दोघी एकमेकींच्या चादरी पिळत होत्या. आईची जगात दुसरी मैत्रीण नव्हती. मावशीने हे वाचलं तर? नवरा कोणाच्या जागी गेला हे तिला कळलं तर? मी पुस्तक कढईखालच्या चुलीत टाकून जाळणार होते. पण एक पुस्तक जाळून काय होणार, छापखान्यात असतील हजार.

त्यातच आठवड्याभराने ग्रामपंचायतीने ठरवलं की आपल्या लेखकाला गावात बोलवायचं. नाताळाआधीच्या चार रविवारांपैकी पहिल्या रविवारी, दुपारच्या कॉफीला, 'सोनेरी कोकरू' खाणावळीत त्याने पुस्तकातलं वाचून दाखवायचं. पुढाकार हासेलबाखरसाहेबांचा. ते डेअरीचे व्यवस्थापक, पंचायतीत उपाध्यक्ष, गायकमंडळाचे खजिनदार. लढाईच्या दिवसांतही डेअरी त्यांचीच होती, आणि फोनही.

हे गावात सगळ्यांना माहीत होतं. कोणी कधी बोललं नव्हतं.

सोमवारी सकाळी ते माझ्या टेबलापाशी आले. हात पाठीमागे बांधून उभे राहायची त्यांना सवय होती.

"इर्मेला, भाऊ नाव काढणार हं गावाचं."

"हो, साहेब."

"मला कुठला वेळ वाचायला. पण आमची लीना वाचते. दोन दिवसांत संपवलं तिने."

मी पुढचा आकडा लिहीत राहिले.

"ती म्हणाली," साहेब म्हणाले, "पोरगा कपड्यांचं फार बारीक लिहितो. चादरींचं वगैरे. बाईमाणसासारखं." आणि हसले. "मी म्हटलं, आईच्या पदराखाली वाढलेला, दिसणारच ते." मग जाता जाता, दारातून, "आईला आण हं रविवारी. आणि रॉइसबाईंनाही सांग यायला. त्यांना पुढे बसवू आपण."

ते गेल्यावर मी दुधाच्या थंड खोलीत जाऊन उभी राहिले. तिथे कॅन खडखडतात, कोणाला काही ऐकू येत नाही. मला तेव्हा कळलं. त्यांना कळलं होतं. आणि ते रागावलेले नव्हते. ते खूश होते. अकरा वर्षं ते झाड त्यांच्या खिडकीसमोर उभं होतं, आणि आता ते कोणाच्या तरी दाराशी नेऊन लावायची सोय माझ्या भावाने करून दिली होती.

फोल्कमार शनिवारी दुपारच्या बसने आला. नवा कोट, जरा वाढलेले केस. आईने त्याला खाऊ घातलं, गाल ओढले, म्हणाली, "लेखक झालास, वजन कुठे ठेवलंस?" मी त्याला बकऱ्या दाखवायच्या निमित्ताने गोठ्यात नेलं आणि दार लावून घेतलं.

"निळा दोरा का लिहिलास?"

त्याला आधी समजलंच नाही. "कुठला दोरा?"

"चादरीचा! कोपऱ्यातला!"

"अगं, ते... ते मला आठवत होतं म्हणून. इर्मे, सगळं तर बदललंय मी. समुद्र आहे तिथे. दीपस्तंभ आहे."

"तुला काय वाटलं, गावातल्या बायका समुद्र बघून फसतील? वेडा आहेस का तू? तू समुद्र घाल, हत्ती घाल, निळा कोपरा म्हटलं की आपली आई."

"दोऱ्याचा रंग कोण लक्षात ठेवतं?"

"तेवढाच ठेवतात! लीना हासेलबाखरने ठेवलाय. तिने नवऱ्याला सांगितलंय. आणि तो उद्या आपोलोनिया मावशीला पुढच्या रांगेत बसवणार आहे."

तो बकरीच्या पाठीवर हात ठेवून उभा राहिला. चेहरा असा झाला की मला तो पुन्हा पंधरा वर्षांचा दिसला.

"मला लिहायलाच हवं होतं गं," तो हळूच म्हणाला. "मला रोज ती कडी दिसते."

"मलाही दिसते. मी छापते का?"

"आईने वाचलंय?"

"नाही. आणि उद्या तू ते प्रकरण वाचायचं नाहीस. शाळेचं वाच. मास्तरांचा खडू. लोक हसतील, केक खातील, घरी जातील. कबूल?"

"कबूल," तो म्हणाला. मग जरा थांबून, "आणि पुस्तक? ते तर राहणारच ना."

मी बकरीपुढचं गवत सारखं केलं. एका वेळी एकच दिवस, असं आम्ही लढाईत शिकलो होतो.

रविवारी खाणावळ भरून गेली होती. लांब टेबलांवर फांद्यांची चक्रं आणि प्रत्येकावर चारांपैकी एकच मेणबत्ती पेटलेली. साखरेच्या चुऱ्याचा केक, लढाईनंतर पुन्हा मिळू लागलेली खऱ्या बियांची कॉफी, ओल्या कोटांचा वास. लोहार दारातच फोल्कमारला म्हणाला, "काय रे, मी नाही वाटतं तुझ्या पुस्तकात? दोनदा शोधलं."

"पुढच्यात घालतो, काका."

"घाल. पण बारीक घाल हं, पोट नको."

खाणावळीची मालकीण कॉफी ओतता ओतता फणकारली, "मला घातलंय ना, ती जाडी कोळीण. कळतं मला. उधारी ठेवू नको म्हणाले होते ना तुला, त्याचा सूड."

सगळे हसले. हासेलबाखरसाहेबांनी आपोलोनिया मावशीला हाताला धरून पहिल्या रांगेत नेलं. ती उंच, हाडकुळी बाई, काळे कपडे कधी सोडले नाहीत. तिने बाजूची खुर्ची ओढली आणि मागे वळून आईला हाक मारली, "हेडविग, इकडे ये. एकटी काय करू मी या मोठ्या लोकांत?" आई गेली. दोघी शेजारी बसल्या. मी त्यांच्या मागे. साहेब मावशीच्या पलीकडच्या खुर्चीवर, मांडीवर पुस्तक. त्यात एका पानाशी कागदाची खूण घातलेली मला मागूनही दिसत होती.

फोल्कमारने शाळेचं प्रकरण वाचलं. चांगलं वाचलं. लोक टेबलावर मुठी आपटत हसत होते. आई तोंडावर रुमाल धरून हसत होती. मावशीही हसली, तिचे खांदे हलले. मी मनात म्हणत होते, झालं, संपलं, मिटव पुस्तक, मिटव. त्याने मिटवलं. टाळ्या वाजल्या.

हासेलबाखर उभे राहिले.

"वा! अजून एक व्हायला हवं," ते म्हणाले. "काय मंडळी? हसवलंस, पोरा, आता जरा गंभीर होऊ दे. ते दीपस्तंभाचं वाच."

"ते लांबलचक आहे," फोल्कमार म्हणाला. "आणि उशीर..."

"कसला उशीर, उजेड आहे अजून. रॉइसबाई, तुम्हाला आवडेल ते. तुमच्यासाठीच आहे असं समजा."

"मग वाच की रे," मावशी म्हणाली. तिचा आवाज साधा होता.

फोल्कमारने माझ्याकडे पाहिलं. मी काय करणार होते? शंभर माणसं गप्प होऊन वाट बघत होती. त्याने पान उघडलं. त्याचा आवाज एकदम बारीक झाला. कपाट, एप्रन, पायऱ्या. हुकावर लटकलेली चावी मावशी ब्रिगिटं नावाड्याच्या घरातून कोणी नसताना उचलते, ते. आईची पाठ माझ्या समोर होती. तिला पहिल्या दोन ओळींतच कळलं. तिची पाठ हलली नाही, पण मान हळूहळू खांद्यांत गेली, थंडीत कोंबडी जाते तशी. खोलीत कोणी चमचाही हलवत नव्हतं. फोल्कमार त्या ओळीशी आला.

"'चादरीच्या कोपऱ्यात,'" त्याने वाचलं, "'लाल दोऱ्याने भरलेली अक्षरं होती...'"

"लाल?" हासेलबाखर मध्येच म्हणाले. त्यांनी खुणेचं पान उघडलं, चष्मा चढवला, बोट ठेवलं. "माझ्या पुस्तकात निळ्या लिहिलंय. चुकून वाचलंस वाटतं. निळ्या दोऱ्याने."

बायकांच्या टेबलांवरून एक आवाज गेला. शब्द नव्हता तो. खूप जणींनी एकदम श्वास घेतला, तेवढाच. आणि मग सगळ्यांच्या नजरा आईच्या पाठीवर. मला वाटत होतं, आता मावशी उठेल, आता बोलेल, आणि ती बोलली की आपल्याला या गावातून जावं लागेल, आणि आई कुठेही गेली तरी ती जगणार नाही.

"निळाच," मावशी म्हणाली. ती उठली नाही. "मला नको सांगायला. मी धुतलीय ती."

साहेबांनी चष्मा काढला.

"त्या लोकांनी ती खाली फेकली होती झाडापाशी," ती पुढे म्हणाली. "मी त्यातच गुंडाळून आणलं त्याला. नंतर धुतली. डाग गेले नाहीत सगळे." मग तिने फोल्कमारकडे पाहिलं. "वाचलंय मी सगळं. तुझं चुकलंय, बाळा. दोऱ्याचं नाही. चावीचं."

"चावीचं?" फोल्कमारने विचारलं.

"चोरली नव्हती चावी. माझा नवरा शेतावर होता. हेडविग आली, दारात उभी राहिली, काही बोलली नाही. मी हुकावरून काढली आणि तिच्या हातात ठेवली. मी. आणि तुझा तो नावाडी गप्प बसतो असं लिहिलंयस. तो गप्प नव्हता बसला. त्यांनी विचारलं, चावी कोणाकडे होती, तर म्हणाला, सकाळपासून माझ्या खिशात. जन्मात खोटं बोलला नव्हता तो माणूस. त्या दिवशी बोलला, आणि चांगलं बोलला. मी दाराच्या मागेच होते. कडीला हात लावून. तुझ्या आईसारखीच."

मेणबत्तीचं मेण फांदीवर सांडत होतं आणि ते पुसायला कोणी हात पुढे केला नाही.

"आणि फोन?" मावशीने विचारलं. "फोन कोणी केला, ते आहे का पुस्तकात?"

फोल्कमार टेबलाकडे बघत होता. "नाही," तो म्हणाला. "ते नाही लिहिलं."

"का नाही लिहिलंस?"

"भीती वाटली, मावशी."

"हं," ती म्हणाली. "मग अर्धंच लिहिलंयस. बायकांचं तेवढं."

साहेब अजून उभेच होते. ते हसायचा प्रयत्न करत होते, पण तोंडाची एकच बाजू वर जात होती. "अहो रॉइसबाई, तो काळच तसा होता. हुकूम होते. किती वर्षं उगाळायचं ते? कुठेतरी संपवलं पाहिजे माणसाने."

"तुम्हीच तर वाचायला लावलंत," लोहार मागून म्हणाला. हळू म्हणाला, पण सगळ्यांनी ऐकलं.

आणि एवढंच. हे मी मुद्दाम सांगते, कारण लोकांना वाटतं की अशा वेळी काहीतरी होतं. कोणी त्यांना धरलं नाही, कोणी काही फेकलं नाही. खाणावळीची मालकीण म्हणाली, "क्रीम कोणाला हवंय?" आणि दोघातिघांनी हात वर केले. साहेब बसले. गायकमंडळाने ठरल्याप्रमाणे एक गाणं म्हटलं. साहेब खालच्या सुरात गायले, त्यांचा आवाज चांगला होता.

घरी येताना आई आणि मावशी पुढे चालत होत्या, मधे हातभर अंतर. आम्ही मागे. दाराशी आल्यावर आई थांबली.

"तू कधी काही बोलली नाहीस, आपोलोनिया."

"तुझ्याकडून यायचं होतं ते," मावशी म्हणाली. "मी वाट बघत होते. दर धुण्याला वाटायचं, आज बोलेल."

"मला भीती वाटायची. वाटायचं, तुला चावीचं आठवलं की तू माझं तोंड बघणार नाहीस."

"मला रोज आठवायचं. म्हणून तर तुझ्याकडे यायचे. दुसरं कोणाकडे जाणार?" तिने आपलं दार उघडलं. मग पुन्हा वळून म्हणाली, "पण आता नको काही दिवस. आता सगळे बघतायत."

त्या हिवाळ्यात ती आमच्याकडे आली नाही. आईने एकटीने चादरी पिळायचा प्रयत्न केला, एक टोक पंपाच्या दांड्याला बांधून. मी मदतीला गेले की म्हणायची, राहू दे, तुला पीळ जमत नाही. फोल्कमार श्टुटगार्टला परत गेला. तो पत्रांतून विचारायचा, मावशी आली का, आणि मी उत्तरात हवापाणी लिहायचे.

मी डेअरीत जातच होते. जाणार कुठे? सोमवारी सकाळी साहेब आले, म्हणाले, "नमस्कार, इर्मेला, आज दव गोठलंय बघ रस्त्यावर, जपून चालत जा." रोजच्यासारखंच. काही ओरडले असते तर बरं वाटलं असतं. रोज मी त्या दारातून आत जाताना वाटायचं आज काढून टाकतील, आज आईबद्दल काही म्हणतील, आणि ते फक्त हवेबद्दल बोलायचे. रस्त्यात त्यांची बायको भेटली की विचारायची, आई बरी आहे ना, दिसत नाही हल्ली. माणसाला भीती कशाची वाटते ते सांगता येत नाही कधी कधी. मला त्या नेहमीसारख्या आवाजाची वाटायची.

मग वसंत आला. कुरणावर पहिलं गवत दाटलं आणि मोठी धुणी निघाली. ओढ्याकाठचं कुरण डेअरीच्या खिडकीच्या अगदी समोर, मधे फक्त रस्ता आणि ते लिंडनचं झाड. मी टेबलाशी होते. सकाळपासून बायका चादरी पसरत होत्या, झाऱ्यांनी पाणी शिंपडत होत्या, ओल्या चादरींवर ऊन पडलं की डाग उडतात म्हणून. आमच्या चादरी वरच्या कडेला होत्या. आई एकटीच वाकून कोपरे सरळ करत होती.

मावशी शेवटी आली. तिच्या टोपलीत एकच चादर होती. ती कुरणातून चालत चालत थेट रस्त्याच्या कडेपर्यंत आली, झाडाच्या समोर, खिडकीच्या समोर, आणि तिने ती झटकून पसरली. जुनी चादर, मधे फिकट तपकिरी डाग. कोपरा तिने मुद्दाम खिडकीकडे केला. मग गुडघ्यावर बसून हाताने सपाट केला. निळी अक्षरं, भोवती रानफुलं. एवढ्या वर्षांनीही रंग उडाला नव्हता.

बायकांच्या झाऱ्या थांबल्या. कोणी जवळ आलं नाही.

मागे जमिनीची फळी वाजली. साहेब आपल्या खोलीतून बाहेर येऊन माझ्या मागे उभे होते, हात पाठीशी बांधून. त्यांचा श्वास मला ऐकू येत होता. आम्ही दोघं बाहेर बघत होतो.

"इर्मेला," ते म्हणाले, "पडदा ओढून घे. ऊन येतंय डोळ्यांवर."

आभाळ एव्हाना भरून आलेलं होतं. पडद्याची दोरी माझ्या हाताशीच होती. मी तिला हात लावला, आणि तो हात तिथेच राहिला. मला नोकरीची भीती वाटली, आईची वाटली, साहेबांच्या त्या नीट कापलेल्या नखांच्या हातांची वाटली. खिडकीतून मला आई दिसत होती. ती वरच्या कडेवरून झारी घेऊन खाली येत होती, सगळ्यांच्या नजरांमधून, मान खांद्यांत घालून, पण येत होती.

"ऊन नाहीये, साहेब," मी म्हणाले. दोरी सोडली आणि पुन्हा पेन उचललं.

ते तिथून हलले नाहीत.

बाहेर आई चादरीपाशी पोचली होती. मावशी तिच्याकडे न बघता उभी होती. आईने झारी तिरकी केली आणि आधी डागावर, मग हळूहळू निळ्या कोपऱ्यावर पाणी सोडलं. सगळी चादर भिजायच्या आत तिची झारी संपली. मावशीने पायाने आपली भरलेली झारी तिच्याकडे सरकवली.